वाद्य कुणी घडवलं?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजच्या सत्राचा विषय ‘स्त्रियांच्या कामाची नोंद’ असा आहे. मी सुरुवात मात्र एका गिटारपासून करणार आहे. काल रात्री जेवताना हे सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे चार दिवसांनी नळाला पाणी येतं, आणि तू गिटार काय घेऊन बसलीस?” त्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही अर्धा तास मला द्या. गिटारीवरून निघून आपण आपल्याच सर्वेक्षणाच्या फॉर्मवर येऊन पोचणार आहोत.

जुनी हिंदी गाणी आठवून बघा. मध्येच एक वाद्य असं वाजतं की सूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला असं वाटतच नाही, तो घसरत घसरत जातो. आपल्याकडे त्या वाद्याला हवाईयन गिटार म्हणतात. साधी गिटार छातीशी धरतात आणि बोटांनी तारा दाबतात. ही गिटार मांडीवर किंवा चौकटीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतात. त्या कांडीवरून तिला स्टील गिटार हे नाव पडलं. मींड तिच्यात उपजतच असते, म्हणून ती आपल्या कानाला परकी वाटली नाही. ताऊ मो आणि त्यांच्या पत्नी रोझ हे हवाई संगीताचं जोडपं १९४० च्या दशकात काही वर्षं कोलकात्यात राहिलं. तिथल्या कितीतरी मुलांनी ही गिटार त्यांच्याकडून उचलली.

या गिटारीचं पुढचं रूप म्हणजे पेडल स्टील. चौकटीवर आडव्या बसवलेल्या दहा-दहा तारा, खाली पायाने दाबायची पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. उजवा हात तारा छेडतो, डावा कांडी सरकवतो, डावा पाय पेडलं दाबतो, उजवा आवाज कमी-जास्त करतो आणि दोन्ही गुडघे दांडे हलवत असतात. हे वर्णन ऐकून आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे सकाळी सहाचा माझा ओटाच की!”

अमेरिकेच्या कंट्री संगीतात हे वाद्य फार मानाचं आहे. त्याचा इतिहास कुणालाही विचारा, नावं धडाधड येतील. पॉल बिग्जबींनी कोणासाठी वाद्य बनवलं, १९५४ साली गाजलेल्या एका गाण्यात बड आयझॅक्सनी पेडलाने सूर कसा वाकवला, बडी एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी मिळून कारखाना कसा काढला. एमन्स तर उत्तम वादक आणि उत्तम कारागीर होते. २०१५ साली ते गेले, पण त्यांच्या आठवणी लोक अजून जिव्हाळ्याने सांगतात आणि त्यांच्या नावाची वाद्यं जपून ठेवतात. ही माणसं मोठी होती यात शंका नाही. त्यांचं श्रेय मला कमी करायचं नाही. मला फक्त एवढं विचारायचं आहे की या यादीत बायका का नाहीत? त्या नव्हत्याच, की होत्या आणि कुणी लिहून ठेवलं नाही?

तर लेट्रिशिया कँडलची गोष्ट ऐका.

लेट्रिशिया १९१५ साली शिकागोत जन्मली. योगायोग असा की त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात हवाई बेटांच्या दालनात रोज गाणं-बजावणं व्हायचं, आणि तिथून साऱ्या अमेरिकेला हवाई संगीताचं वेड लागलं. लेट्रिशिया त्या वेडातच वाढली. विशीच्या आतबाहेर असताना तिने ‘कोहाला गर्ल्स’ नावाचा फक्त मुलींचा वाद्यवृंद उभा केला. ही १९३० च्या दशकाची सुरुवात, म्हणजे मंदीचा काळ. पुरुषांनाच काम मिळत नव्हतं, आणि या मुली वाद्यं घेऊन कार्यक्रम करत होत्या.

वाजवता वाजवता तिला एक अडचण जाणवली. स्टील गिटारीत कांडी सरळ असते, त्यामुळे तारा ज्या सुरांत लावल्या असतील त्यांच्याच मेळात वाजवावं लागतं. वेगळा मेळ हवा असेल तर तारा पुन्हा लावा, नाहीतर दुसरी गिटार घ्या. पुढे पेडलं आली ती नेमकी याच अडचणीवरचा उपाय म्हणून. पाय दाबला की तार ताणली जाते आणि मेळ बदलतो. पण पेडलं रूढ व्हायच्या कितीतरी आधी लेट्रिशियाने स्वतःचा मार्ग काढला. एकाच चौकटीत वेगवेगळ्या मेळांत लावलेल्या अनेक गिटारी शेजारी शेजारी बसवायच्या आणि एकीवरून दुसरीवर हात न्यायचा. कल्पना तिची, वडिलांची मदत, आणि प्रत्यक्ष बांधणी नॅशनल डोब्रो या कंपनीची. १९३७ साली वाद्य तयार झालं. २६ तारा, आतच बसवलेला ध्वनिवर्धक, वाजवताना रंग बदलत जाणारे दिवे, आणि वजन तब्बल १२० किलोच्या घरात. त्यामागे उभी राहून ती वाजवायची. वाद्याला नाव दिलं ‘ग्रँड लेटार’. लेट्रिशियातलं ‘ले’ आणि गिटारमधलं ‘टार’. आपल्या हातच्या कामाला आपलं नाव देण्यात तिला संकोच वाटला नाही, हे मला फार आवडतं. आपण पापडाच्या पुडीवरसुद्धा नाव छापायला लाजतो.

पॉल व्हाइटमन यांच्या त्या काळच्या गाजलेल्या वाद्यवृंदाबरोबर तिने हे वाद्य वाजवलं. पुढे ती शिकवू लागली, मोठ्या वाद्यवृंदाचं संचालन करू लागली. १९५५ साली तिचं लग्न झालं. त्यानंतर जाहीर वादन जवळजवळ थांबलं, आणि ते भलंमोठं वाद्य घरातल्या कपाटात गेलं. तिच्यावर कुणी सक्ती केली असं मी म्हणणार नाही. सक्तीची गरजच पडत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. आपल्या माळ्यांवर किती पेट्या, किती सतारी गवसणीत पडून आहेत ते आठवा. “लग्नाआधी शिकत होते” हे वाक्य सर्वेक्षणात मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी पेन खाली ठेवते आणि म्हणते, “सांगा, काय शिकत होतात?”

पन्नासेक वर्षं ते वाद्य तसंच पडून राहिलं. मग २००७ च्या सुमारास पॉल वॉर्निक नावाचे शिकागोकडचे एक स्टील गिटारवादक आणि जुन्या वाद्यांचे संग्राहक माग काढत त्यांच्याकडे पोचले. आता त्यांना लेट्रिशियाबाईच म्हणायला हवं, नव्वदी ओलांडली होती. वाद्य बाहेर निघालं, जाणकारांनी ते दुरुस्त केलं, दिवे पुन्हा लागले. आपलं वाद्य पुन्हा वाजताना बाईंनी हयातीत ऐकलं. जून २०१० मध्ये ९४ व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने त्यांच्यावर लेख छापला. चार वर्षांपूर्वी गेल्या असत्या तर तो लेख आला असता का? वाद्य भंगारात गेलं असतं आणि आपण म्हणालो असतो, “त्या काळी बायका कुठे वाद्यं बनवत होत्या?”

यातला मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा, की त्यांचं काम कधीच लपलेलं नव्हतं. हजारोंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. दिव्यांनी झगमगणारं १२० किलोचं वाद्य लपणार तरी कसं? तरीही ते विसरलं गेलं. म्हणजे काम दिसणं आणि कामाची नोंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद आपोआप होत नाही, ती कुणीतरी जाऊन करावी लागते.

आता दुसरी गोष्ट. लेट्रिशियाला कलाकार म्हणून स्टेज तरी मिळालं. कारखान्यातल्या बायकांचं काय? दुसऱ्या महायुद्धात मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावी गिब्सन कंपनीच्या कारखान्यातले पुरुष लढाईवर गेले आणि गिटारीच्या कामावर बायका आल्या. युद्धकाळात आपण गिटारी बनवल्याच नाहीत, असं कंपनी पुढे सांगत राहिली. पण १९४४ सालचा एक फोटो शिल्लक होता. कारखान्यासमोर सत्तरच्या वर बायका ओळीने उभ्या. या शतकात जॉन थॉमस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी त्या फोटोवरून चौकशी सुरू केली. हयात असलेल्या बायकांना शोधलं, त्यांच्याशी बोलले, त्या काळच्या गिटारी क्ष-किरणांखाली तपासल्या. लाकूड जास्त नाजूकपणे, जास्त नीट तासलेलं आढळलं. त्यांच्या हिशेबाने त्या वर्षांत हजारो गिटारी त्या कारखान्यातून बाहेर पडल्या. आज संग्राहक त्या मोठ्या किमतीला घेतात.

तिसरी गोष्ट अबिगेल यबारा यांची. कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीत त्या १९५६ साली कामाला लागल्या. विजेच्या गिटारीत तारांखाली एक छोटं वेटोळं असतं. चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते. तारेचं थरथरणं तेच पकडतं. ते नसेल तर वाद्य मुकं. अबिगेल ही वेटोळी गुंडाळायच्या. २०१३ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच काम केलं. वेटोळ्यावर त्या आपली सही आणि तारीख घालायच्या. वाद्याच्या पोटात, जिथे ऐकणाऱ्याची नजर कधी जाणार नाही, तिथे. पुढे ती सही असलेली वेटोळी वादक मुद्दाम मागून घेऊ लागले.

लेट्रिशियाने कल्पना मांडली, कॅलमाझूच्या बायकांनी लाकूड तासलं, अबिगेलनी तार गुंडाळली. आणि आपण म्हणतो, वाद्य अमुक साहेबांनी बनवलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर आपणही तीच चूक करू. ही आडवी गिटार मुळात हवाई बेटांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाईयन मुलाने तारांवर पोलाद सरकवून ही पद्धत घडवली असं मानतात. त्याच सुमाराला, १८९३ साली, तिथल्या राणी लिलिउओकलानी यांचं राज्य उलथवलं गेलं, आणि १८९८ साली अमेरिकेने बेटं घशात घातली. या राणी स्वतः संगीतकार होत्या. म्हणजे ज्यांची जमीन घेतली त्यांचंच संगीत पुढे करमणूक म्हणून खपलं. शिकागोतल्या गोऱ्या मुलींनी ‘कोहाला’ हे हवाईतलं नाव घेतलं तेही याच लाटेत. लेट्रिशियाचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. एकीचं नाव वर काढताना दुसरीचं झाकलं जाऊ नये. आपल्या चळवळीत शहरातल्या बायकांची नावं लवकर छापून आली आणि पारधी, वडार, ऊसतोड करणाऱ्या बायकांची राहून गेली, हे आपल्यालाही मान्य करावं लागलं आहे.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मुलगी गायला शिकली तर कौतुक होतं, पण वाद्य हातात घेतलं तर भुवया वर जातात. तरी मुंबईत झरीन दारूवाला यांनी सरोद वाजवली, आबान मिस्त्री यांनी तबला वाजवला. वाराणसीच्या कमला शंकर याच आडव्या गिटारीवर शास्त्रीय संगीत वाजवतात, आणि त्यांच्या वादनाला साजेशी बनवलेली गिटार ‘शंकर गिटार’ म्हणून ओळखली जाते. तरीही वाद्यांच्या दुकानावरच्या पाट्या वाचत चला. बापाचं नाव असतं, पुढे ‘आणि मुलगे’.

पाटीवरून आठवलं. आता माझीच चूक सांगते.

मी नुकती समाजकार्याची पदवी घेऊन कामाला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका वस्तीत घरोघर जाऊन फॉर्म भरत होतो. एका घरात मावशी खाली बसल्या होत्या. पुढ्यात हाताने फिरवायचं यंत्र, शेजारी तांब्याच्या तारेची रिळं. पंख्याच्या मोटारीचं वाइंडिंग चाललं होतं. मी विचारलं, “मावशी, तुम्ही काय काम करता?” हात न थांबवता त्या म्हणाल्या, “काही नाही. घरीच असते.” आणि मी फॉर्मवर लिहिलं, ‘गृहिणी’. पुढचं घर गाठलं. नाक्यावर त्यांच्या नवऱ्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर नवऱ्याचं नाव, पुढे ‘अँड सन्स’. मुलगे गिऱ्हाईक बघायचे. वाइंडिंग सगळं घरात व्हायचं.

बरीच वर्षं हे मला आठवलंसुद्धा नाही. अबिगेल यबारांचा फोटो बघितला, बोटांतून जाणारी ती बारीक तार बघितली, आणि मावशींची बोटं डोळ्यांपुढे आली. त्याच आठवड्यात मी त्या घरी गेले. मावशींना आता मोतीबिंदू होता. यंत्रावर सून बसली होती. या खेपेला मी निराळं विचारलं, “मावशी, हे वाइंडिंग तुम्ही कुणाकडून शिकलात?” दोन तास त्या बोलत होत्या. कुठल्या पंख्याला किती गेजची तार, किती वेढे, कुठे तार सैल राहिली की मोटार जळते, हाताला ताण कसा कळतो. दिसत नसतानाही त्यांनी सुनेचा एक वेढा चुकलेला आवाजावरून ओळखला. मग मला विचारलं, “हे सगळं तू लिहून घेतेस, पोरी. याचं मला काय मिळणार?”

मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही. पण यंत्रावर बसलेली सून सगळं ऐकत होती. तिने महिन्याला किती मोटारी होतात ते वहीत टिपायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी ती वही घेऊन तिने घरात मजुरी मागितली. भांडण झालं. दिराने “घरच्या कामाचे कसले पैसे?” असं विचारलं. अजून सगळं मिटलेलं नाही, पाटी अजून तीच आहे. पण वही सुनेपाशी आहे, आणि पहिल्या पानावर तिने सासूचं नाव घातलं आहे. म्हणाली, “शिकवलं त्यांनी, म्हणून.”

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. उद्यापासून आपले गट पुन्हा घरोघर जातील. फॉर्ममध्ये ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘काही नाही’ किंवा ‘गृहिणी’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुमच्या हाताला काय येतं? ते कुणाकडून शिकलात? त्यावर नाव कुणाचं लागतं? आणि म्हाताऱ्या बायकांकडे आधी जा. लेट्रिशियाबाईंना माग काढत येणारा माणूस भेटला तेव्हा त्या नव्वदीपार होत्या. आपल्या मावश्यांपाशी तेवढी वर्षं असतीलच असं नाही.

काल पाण्याचं म्हणालेल्या ताईंना शेवटी एकच सांगते. ताई, पाण्याच्या मोर्चाला मी तुमच्याबरोबर येणारच आहे. पण तो पाण्याचा पंप दर उन्हाळ्यात जळतो, त्याचं वाइंडिंग कोण करतं, एवढं तेवढं विचारून ठेवा.